सांडपाण्याचे वाफे आणि पाकिटातले जिवाणू
(वाशिम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेली मांडणी)



सोयाबीनचा भाव, पीक विमा आणि विजेची बिले हे विषय आजच्या बैठकीत आहेतच. त्यांच्या आधी अर्धा तास आम्ही एका घाणेरड्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आहे गावच्या सांडपाण्याचा. नाक मुरडू नका. हा विषय ग्रामपंचायतीच्या पैशाचा आहे, आपल्याकडे कमी पडणाऱ्या पाण्याचा आहे, आणि गावाच्या खालच्या अंगाला ज्यांची वावरे आहेत त्यांच्या विहिरींचा आहे.

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले आणि माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरले. नळ सगळीकडे रोज वाहतो असे आम्ही म्हणत नाही. त्याची हकिगत तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण जिथे वाहतो तिथला हिशोब साधा आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला लागते ते थोडे. बाकीचे आंघोळीचे, धुण्याचे, भांड्यांचे होऊन मोरीतून बाहेर पडते. शंभर लिटर घरात आले तर सत्तर ते ऐंशी लिटर नालीत जातात. दोन हजार वस्तीचे गाव धरा. रोज १ लाख १० हजार लिटर आले, तर साधारण ८० हजार लिटर सांडपाणी झाले. महिन्याचे झाले २४ लाख लिटर. एका एकराला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे दर महिन्याला बारा एकरांची एक पाळी गावातून वाहून जाते. जाताना ती रस्त्यावर चिखल करते, डास पोसते, आणि शेवटी खालच्या विहिरीत झिरपते.

ज्या गावाची जमीन मुरमाड आहे त्यांनी शोषखड्ड्यांचा मार्ग धरावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या, डास हटवले, आणि तो प्रकार पुढे राज्यभर नावाजला गेला. पण आपल्याकडे अनेक गावे भारी काळ्या जमिनीवर बसली आहेत. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. तिथे शोषखड्डा दोन पावसाळ्यांत डबके होतो. अशा गावांना दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे गावाच्या उताराला, नाली संपते तिथे, गोट्यांचा आणि पाणवनस्पतींचा वाफा.

वाफा म्हणजे काय

हे काही नवलाचे यंत्र नाही. आधी एक गाळाची टाकी. त्यात अर्धा-एक दिवस पाणी थांबते, वाळू, राख, भाताची शिते खाली बसतात, तेल-साबणाचा थर वर राहतो आणि मधले पाणी पुढे जाते. मग अंदाजे दोन फूट खोलीचा, तळाला पाणी न झिरपणारा वाफा. त्यात गोटे आणि खडी भरायची. त्यावर कर्दळ, पाणकणीस, वाळा अशी ओल्यात जगणारी झाडे लावायची. पाणी खडीच्या वर येऊ द्यायचे नाही, आतून सरकत दुसऱ्या टोकाला निघू द्यायचे. पाणी वर दिसत नाही म्हणून डास होत नाहीत. उतार असेल तर मोटार लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगची भीती नाही.

जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात अशा वनस्पतींवर प्रयोग सुरू केले. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने हाच मार्ग इथल्या हवामानाला जुळवून फायटोरिड नावाने पुढे आणला. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात तो बसवलेला आहे. तेव्हा हे परदेशातले खूळ नाही. आपल्या विदर्भातल्याच प्रयोगशाळेने हाताळलेली गोष्ट आहे.

आता दोन हजार वस्तीच्या गावाला किती जागा लागेल ते पाहू. रोजचे ८० हजार लिटर म्हणजे ८० घनमीटर. ते दोन दिवस वाफ्यात राहावे असे धरले तर १६० घनमीटर पाण्याला जागा हवी. खडीच्या ढिगात पोकळी असते सुमारे ४० टक्के. म्हणून वाफा हवा ४०० घनमीटरचा. खोली ६० सेंटिमीटर धरली तर क्षेत्र आले ६६७ चौरस मीटर, म्हणजे साडेसहा गुंठ्यांच्या आसपास. एक मोठा करण्यापेक्षा सव्वातीन गुंठ्यांचे दोन करावेत. एकाची साफसफाई करताना दुसरा चालू राहतो. दोनाचा दुसरा फायदा पुढे सांगतो.

काम कोण करते

या वाफ्यात घाण कोण खाते? झाडे फार थोडी खातात. मुख्य काम करतात खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू. तुमच्या पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला जो बुळबुळीत थर बसतो तसा थर प्रत्येक गोट्यावर बसतो. त्या थरात कोट्यवधी जिवाणू, थोड्या बुरशा, आणि त्यांना खाऊन जगणारे आणखी बारीक जीव असतात. सांडपाण्यातली घाण हे त्यांचे अन्न.

इथेच आजच्या मुद्द्याची सुरुवात होते. जिवाणूच काम करतात ना, मग ते पाकिटात भरून विकायला माणसे हजर आहेत. हल्ली ग्रामपंचायतींकडे दरपत्रके येतात. पावडर, ड्रम, कल्चर, एन्झाइम अशी नावे असतात. नालीत टाका, तलावात टाका, वाफ्यात टाका, वास जाईल, गाळ जाईल, पाणी आरशासारखे होईल. काही दरपत्रकांत आता बुरशीही आली आहे. दर किलोचा, आणि टाकायचे दर महिन्याला. सरपंचाला वाटते, साडेसहा गुंठे जागा शोधा, खोदा, खडी आणा, यापेक्षा ड्रम बरा.

आम्ही जिवाणूंच्या विरोधात नाही. आमचे शिक्षण शेतीचे आहे आणि रायझोबियमची पाकिटे आम्ही स्वतः गावोगावी वाटली आहेत. म्हणूनच सांगतो, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते तुमच्या सोयाबीनच्या वावरात आहे.

सोयाबीनचा धडा

दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम रायझोबियम चोळायचे, हे तुम्हाला पाठ आहे. मुळांवरच्या गाठींतला जिवाणू बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली वेगळा काढला. आपल्या मातीत हरभऱ्याचे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या होते. सोयाबीनचे फारसे नव्हते, कारण पीकच बाहेरून आले. म्हणून नव्या वावरात पाकिटाचा फरक डोळ्यांना दिसला. चोळलेल्या तासात गाठी, बिनचोळलेल्या तासात मुळे मोकळी. पण ज्या वावरात वर्षानुवर्षे सोयाबीन आहे तिथे पाहा. तिथे फरक कमी दिसतो, कारण ते जिवाणू आता मातीत मुक्कामाला आहेत. नव्या पाकिटातल्या पाहुण्यांना जुने रहिवासी जागा देत नाहीत. आणि युरिया भरपूर टाकला तर पाकीट कितीही चांगले असो, गाठी कमीच येतात.

यातून तीन गोष्टी कळतात. योग्य जिवाणू जिथे नाही तिथे तो टाकला तर फायदा होतो. तो जिथे आधीच आहे तिथे पुन्हा टाकून फारसे हाती लागत नाही. आणि परिस्थिती विरुद्ध असेल तर टाकलेला जिवाणू चालत नाही.

आता हीच कसोटी सांडपाण्याला लावा. सांडपाण्यात घाण खाणारे जिवाणू नाहीत का? हिशोब करू. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खते आणली गेली. त्यात रायझोबियमच्या पावडरीत दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत असे मानक आहे. सांडपाण्याच्या पावडरीला त्या आदेशाचे बंधन नाही, तरी ती तेवढीच चांगली आहे असे समजू. एक किलोत झाले पाच हजार कोटी. आकडा ऐकून सरपंच गार होतो. पण गावचे ८० हजार लिटर म्हणजे आठ कोटी मिलिलिटर. भागाकार करा. एका मिलिलिटरला सव्वासहाशे जिवाणू आले. आणि गटाराच्या पाण्यात एका मिलिलिटरला आधीपासून किती असतात? दहा लाखांच्या खाली सहसा नाही, बहुधा त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पोहरादेवीच्या यात्रेला दहा लाख माणूस जमलेला, आणि आपण बाहेरगावाहून सहाशे माणसे पैसे देऊन आणली, यात्रा भरावी म्हणून!

शिवाय ते सहाशे टिकतही नाहीत. जे खडीला चिकटत नाहीत ते दोन दिवसांत पाण्याबरोबर निघून जातात. उरलेल्यांना तिथले बारीक जीव खातात. म्हणूनच विक्रेता म्हणतो, दर महिन्याला टाका. जो जिवाणू आपला संसार थाटू शकतो तो दर महिन्याला विकत घ्यावा लागत नाही. तुमच्या घरी विरजण रोज दुकानातून येते का? एकदा लागले की कालच्या दह्याचे आज चालते. दूध कोमट नसेल तर मात्र चांगल्यातले चांगले विरजणही लागत नाही.

लोणारने काय दाखवले

दूध कोमट करणे म्हणजे काय, ते लोणारवरून सांगतो. लोणार रिसोडहून फार लांब नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. देशभर बातम्या झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. मिठात जगणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव त्यात फार वाढले होते. कोणी पोते आणून टाकले नव्हते. बाष्पीभवनाने पाणी घटले, खारेपणा वाढला, आणि जे सूक्ष्मजीव कोपऱ्यात गप्प बसले होते त्यांचे दिवस आले. पाऊस पडला, पाणी पातळ झाले, रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला.

पाणी बदलले की जिवाणू बदलतात. बायरिंकच्याच परंपरेतले बास बेकिंग यांनी १९३४ साली हेच मांडले होते, की बहुतेक सूक्ष्मजीव सगळीकडे पोचलेले असतात, वाढायचे कोणी ते परिस्थिती ठरवते. तेव्हा आपल्याला जे जिवाणू हवेत त्यांच्या सोयीची परिस्थिती करणे हा खरा उपाय. त्याला खडी लागते, जागा लागते, वेळ लागतो आणि हवा लागते.

हवेचे उदाहरण घ्या. सांडपाण्यातला अमोनिया नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू असतात. तुमच्या वावरात युरियाचे नायट्रेट करण्याच्या कामात तेच असतात. त्यांना प्राणवायू लागतोच. सतत भरून राहिलेल्या वाफ्यात प्राणवायू नसतो, म्हणून तिथे अमोनिया फारसा घटत नाही. कोणी म्हणेल, नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे पाकीट टाका. हवा नसलेल्या वाफ्यात ते उपाशी नव्हे, गुदमरून मरतील. त्याऐवजी वाफा पाळीने भरा आणि रिकामा करा. पाणी वरून सोडा, खाली निचरा होऊ द्या, मग काही तास मोकळा ठेवा. खडीत हवा शिरते, आणि काही आठवड्यांत ते जिवाणू आपोआप जम बसवतात. कापसात पाणी साचले तर आपण खत टाकत नाही, आधी चर काढतो. तोच न्याय.

आणि पाणी शेतालाच द्यायचे असेल तर सगळा नत्र काढण्याची घाई का? पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत घाणीचे माप, म्हणजे बीओडी, नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सिंचनासाठी जमिनीवर द्यायच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम धरले आहे. थोडा नत्र राहिला तर तो पिकाला मिळतो.

बुरशीचे काय

बुरशीबद्दल जे सांगतात ते सगळे खोटे नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा फार ताकदीच्या असतात. लाकडातले लिग्निन तोडायला त्या जे एन्झाइम सोडतात ते रासायनिक रंग आणि औषधांचे अवशेषही तोडतात. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटी आणि लिंडेनसुद्धा मोडते असे दाखवले. पण ते काम प्रयोगशाळेतल्या बाटलीत, तिला हव्या त्या परिस्थितीत झाले. तिला लाकूड किंवा काडीकचरा हवा, भरपूर हवा पाहिजे, थोडे आंबट वातावरण पाहिजे. गावच्या सांडपाण्यात साबण-सोडा असतो, हवा कमी असते, आणि जिवाणूंची गर्दी असते. त्या गर्दीत ही बुरशी मागे पडते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यासाठी तिच्यावर जरूर संशोधन व्हावे. आपल्या नालीत रंग नाही, राख आणि साबण आहे.

दुसरी बुरशी मुळांतली, मायकोरायझा. ती पाणवनस्पतींच्या मुळांतही सापडते. पण ती झाडाला मुख्यतः स्फुरद मिळवून देते. सांडपाण्यात स्फुरद आधीच भरपूर. भरपूर सुपर फॉस्फेट दिलेल्या वावरात मायकोरायझा मागे पडते, तसेच इथे. कर्दळ तिच्यावाचूनही जोमाने वाढते.

धिंगरी अळिंबी घेणाऱ्या आमच्या बहिणींसाठी एक गोष्ट. सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी घेऊन झाल्यावर जे उरते त्यातून सांडपाणी गाळण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. निकाल एकसारखे नाहीत. शिवाय कुटार स्वतः कुजताना पाण्यात रंग आणि घाण सोडते. ते उकिरड्यावर घालून खत करणे जास्त फायद्याचे.

पाकीट कुठे उपयोगी पडते

तीन ठिकाणी, आणि ती स्पष्ट सांगणे आमचे काम आहे.

पहिले, सुरुवातीला. नव्या वाफ्यात खडी कोरी असते. थर बसायला वेळ लागतो. तेव्हा चालू असलेल्या वाफ्यातली पाच-दहा टोपली खडी किंवा चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पातला गाळ आणून टाकला तर काम लवकर सुरू होते. हे आपले विरजण. ते जवळपास फुकट मिळते, आणि आपल्याच पाण्यावर, आपल्याच उन्हात वाढलेले असते. थंड देशात बाहेरून जिवाणू टाकण्याची गरज जास्त भासते. आपल्याकडे उष्णता कमी नाही.

दुसरे, विशिष्ट विषासाठी. १९९५ साली मिनेसोटातल्या संशोधकांनी ॲट्राझीन हे तणनाशक खाऊन जगणारा एक जिवाणू प्रसिद्ध केला. असे विष जिथे साचले आहे आणि ते खाणारे तिथे नाहीत, तिथे असा जिवाणू नेमका उपयोगी पडू शकतो. कारखाना, औषधनिर्मिती, रंगकाम यांच्या पाण्याला हे लागू. घरगुती सांडपाण्याला नाही.

तिसरे, मोठा अपघात झाल्यावर. कोणी नालीत कीटकनाशकाचा किंवा फिनाइलचा डबा ओतला आणि वाफ्यातला थर मेला, तर पुन्हा विरजण लावावे लागते. आधी ते पाणी काढा, मग लावा.

आणि कुठे उपयोग नाही तेही ऐका. अशा वाफ्यांची मोठी दुखणी म्हणजे तोंडाशी तुंबणे. गाळ, वाळू, केस, चरबी खडीत अडकतात. त्यावर पाकीट विकले जाते. पण राख आणि वाळू कुठलाच जिवाणू खात नाही. तिथे गाळाची टाकी आणि फावडे हाच उपाय. दर दोन-तीन महिन्यांनी टाकी उपसायला माणूस नेमा आणि त्याची मजुरी वेळेवर द्या. ड्रमच्या पैशात ती सहज निघते.

काही भाऊ विचारतील, आमचे जीवामृत टाकले तर? ते तुमच्या वावरासाठी आहे. दोनशे लिटरच्या जीवामृतात दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन असते. नुसत्या दोन किलो गुळाला पूर्ण कुजायला दोन किलोच्या आसपास प्राणवायू लागतो. ज्या पाण्यात आधीच प्राणवायूची टंचाई आहे त्यात गूळ ओतणे म्हणजे घाण वाढवणे. विक्रीच्या कल्चरमध्येही गूळ किंवा मळी असते, हे लक्षात ठेवा.

विक्रेत्याशी कसे बोलावे

आम्ही विक्रेत्याला गावाबाहेर हाकला असे म्हणत नाही. त्याचा माल खरा असेल. पण बियाण्याची नवी जात आली तर आपण आधी चार तासांत लावून पाहतो, सगळ्या वावरात पेरत नाही. तेच इथे करा. म्हणून दोन वाफे हवेत. दोन्हींत सारखेच पाणी सोडा. झाडे रुजल्यावर एकात त्याची पावडर टाका. दुसऱ्यात तीच पावडर तेवढीच, पण प्रेशर कुकरमध्ये बराच वेळ चांगली उकळून टाका. अशी उकळल्यावर जिवाणू मेले, बाकी बरेचसे तेच राहिले. मग तीन महिने, दर पंधरा दिवसांनी, आत येणाऱ्या पाण्याचा एक आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दोन असे तीन नमुने घ्या. बाटल्यांवर फक्त आकडे लिहा, कोणती कोणत्या वाफ्याची ते प्रयोगशाळेला सांगू नका. बीओडी आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू मोजून घ्या. बीओडीची परीक्षा आपल्या देशात २७ अंशांवर तीन दिवसांची असते, म्हणून नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुने घेताना ग्रामपंचायत अधिकारी, खालच्या वावरांचे दोन शेतकरी आणि विक्रेत्याचा माणूस हजर ठेवा. फरक दिसला तर पैसे द्या, जरूर द्या. फरक नसेल तर राम राम.

ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो ही अट मान्य करील. जो म्हणेल की "आधी वर्षाचा करार करा", त्याला चहा पाजून निरोप द्या.

पैशाची एक बाजू राहिली. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांची मर्यादा धरली होती. दोन हजार वस्तीला ती झाली ५ लाख ६० हजार. अशा योजनांचा पैसा एकदाच येतो. तो खडीत आणि टाकीत घातला तर वाफा गावाजवळ राहतो. तो ड्रममध्ये घातला तर पैसा संपला त्या महिन्यात ड्रमही संपला, आणि पुढचा खर्च घरपट्टीतून. नालीतले पाणी होते तसेच.

पाणी कोणाचे

शेवटचा मुद्दा आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा. वाफ्यातून निघालेले पाणी दिसायला निर्मळ असले तरी पिण्याचे नाही. वाफा रोगजंतू बरेच घटवतो, संपवत नाही, आणि पाकीटही ते संपवत नाही. गावात संडासाच्या टाक्यांचे पाणी नालीत येतच असते. म्हणून ते मेथी, कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना देऊ नका. वाफ्यातला अळू भाजीला तोडू नका. वैरण, तूर, कापूस आणि बुडाशी ठिबकने संत्रा, एवढ्याला द्या. पावसाळ्यात रस्त्याचे पाणी वाफ्यात न जाता बाहेरून जाईल अशी वाट ठेवा.

आणि ते पाणी कोणी घ्यायचे हे आधी ठरवा. आज खालच्या नाल्यावर ज्यांची इंजिने आहेत त्यांना हे पाणी घाणेरडे का होईना, मिळते आहे. उद्या ते चांगले झाले की त्यावर दहा जण हक्क सांगतील. ज्यांच्या विहिरी आजवर नासल्या त्यांचा पहिला हक्क, असे आम्हाला वाटते. पण हे गावाने ग्रामसभेत ठरवावे, तालुक्याच्या कचेरीत नव्हे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत चार ठराव मांडा. एक, सांडपाण्याचा निधी आधी गाळाची टाकी आणि दोन वाफ्यांवर खर्च व्हावा. दोन, जिवाणू किंवा बुरशीचे कोणतेही कल्चर दोन वाफ्यांच्या परीक्षेशिवाय आणि पाकिटावर जिवाणूचे नाव, मोजणी व तारीख असल्याशिवाय घेऊ नये. तीन, टाकी उपसणाऱ्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी लिहावी. चार, निघणाऱ्या पाण्याचे वाटप ग्रामसभेने लेखी ठरवावे.

ज्या गावांना वाफ्याची आखणी करायची असेल त्यांनी तीन आकडे घेऊन आमच्याकडे यावे. गावची लोकसंख्या, नळाला प्रत्यक्षात येणारे पाणी, आणि नालीच्या शेवटापासून खालच्या विहिरीपर्यंतचे अंतर व उतार. बादली आणि घड्याळ घेऊन नालीच्या तोंडाशी सकाळ, दुपार, संध्याकाळ किती पाणी येते तेही मोजून आणा. उरलेला हिशोब आपण मिळून करू. आता विम्याचा विषय घेऊ.